गवतगाडीवरचा दगड

दुधाच्या पिकअपमध्ये कॅनऐवजी ताडपत्रीखाली काहीतरी झाकून आणलेलं दिसलं, तेव्हा सत्यभामाला वाटलं, आसारामनं वाटेत पुन्हा कुणाचं तरी भाडं मारलं. ती दूध संस्थेच्या ओट्यावर फॅटच्या नळ्या धूत बसली होती. धुण्यालाही पाणी जपून घ्यायचं, म्हणून एका नळीचं पाणी दुसरीत ओतत होती.

"ताई, हात पुसा आन् बघा," आसाराम म्हणाला आणि त्यानं ताडपत्री ओढली.

खाली छोट्या ट्रॅक्टरसारखं एक यंत्र होतं. लाल रंग उडून विटकरी झालेला, पुढं बोनेट, एक सीट, एक स्टिअरिंग, पोटाखाली चपटं तबक आणि मागं कापडी पोतं.

"हे काय?"

"गवतगाडी. कारखान्याच्या गेस्टहाउसपुढं लॉन होतं न्हाई का? त्याच्यावर बसून फिरायचं आन् गवत कापायचं. लॉन गेलं, साहेब गेले, कारखाना बी गेला. ही ऱ्हायली भंगारात."

पुढच्या सीटवरून केशरबाई सावकाश उतरल्या. संस्थेच्या त्या अध्यक्ष. "मीच म्हणलं घे. तळ्यातली हरळी इळ्याला घावत न्हाई. बोटाएवढं गवत, मुठीत धरावं कसं? हिला मूठ लागत न्हाई."

सत्यभामानं हसू दाबलं. बंगल्यापुढचं गवत शोभेसाठी कापायचं यंत्र जनावरांच्या चाऱ्यासाठी विकत घेणारी संस्था आपलीच असणार, असं तिच्या मनात आलं. पण विचार करता केशरबाईंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

गवळदऱ्याचा पाझर तलाव त्या वर्षी पार आटला होता. सलग तिसरं कोरडं वर्ष. तळ्याच्या अगदी तळाशी, जुन्या विहिरीच्या आसपास, तेवढी एक हिरवी पट्टी उरली होती. जनावरं सोडली तर दोन दिवसांत तुडवून मातीमोल करतील. कापून, तोलून, वाटून दिली तरच पुरणार.

आणि पुरवणं भाग होतं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जाणार होतं. दरवर्षी जाणारे यंदा गाई-म्हशी विकायला निघाले होते. मागं चारणार कोण आणि चारणार काय? गाई गेल्या तर दूध गेलं, दूध गेलं तर संकलनाची गाडी बंद, आणि एकदा बंद झालेली गाडी या दऱ्यात परत येत नसते. म्हणून सत्यभामानंच सभेत उठून सांगितलं होतं, "विकू नका. संस्थेच्या गोठ्यात बांधून जा. तुम्ही याल तेव्हा दाव्याला तीच जनावरं असतील." पाटोद्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिनं कितीतरी वर्षं काम केलं होतं. उगीच शब्द देणारी बाई नव्हे, हे गावाला ठाऊक होतं. लोकांनी दावी आणून तिच्या हाती दिली.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखं तिनं केशरबाईंना स्कूटीवर घरी सोडलं. मावशींचं बसणं दोन टप्प्यांत असे. आधी त्या काठावर टेकायच्या, स्कूटी मागून जराशी दबायची. सत्यभामा विचारायची, "बसलात का नीट?" मग त्या सगळा भार सोडायच्या आणि स्कूटी आणखी थोडी दबायची. उत्तर ते तेवढंच.

*

गवतगाडी दुरुस्त करायला सत्यभामाला मजा आली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. कार्बुरेटर उघडला तर आतली बारीक भोकं बुजलेली. ती तिनं स्टोव्हच्या पिनेनं मोकळी केली. इंजिनाच्या झाकणाखाली उंदरांनी घर केलं होतं. त्यात गेस्टहाउसच्या पडद्याचे धागे होते. एअर फिल्टर धुळीनं खापरासारखा झालेला. तेल डांबरासारखं. प्लग घासला, त्याच्या टोकांमधली फट नीट केली. पातं लोहाराकडून धार लावून आणलं आणि मधल्या भोकात खिळा घालून भिंतीला लटकवून पाहिलं. एक बाजू खाली झुकली. म्हणजे तिकडं वजन जास्त. असं पातं फिरलं की सगळी गाडी थरथरणार. ती बाजू कानसीनं थोडी थोडी घासत तिनं पातं आडवं स्थिर केलं.

"पात्याला बी तागडीत तोलता व्हय?" आसाराम म्हणाला. "तुमच्या हाताखाली नवरा असता तर त्याचा बी कान घासला असता."

"आधी तुझाच बघते. इकडं ये, पाना धर."

इंजिन चालू झालं, पण ती उतरताच बंद पडलं. पुन्हा बसली, चालू, उतरली, बंद. सीटखाली एक स्विच होता. सीटवर भार असेल तरच प्रवाह पुढं जायचा. माणूस पडला तर पातं थांबावं म्हणून केलेली सोय.

"तार डायरेक्ट जोडून टाका," आसाराम म्हणाला. "आपल्याकडं समदे तसंच करत्यात."

"नको. पातं आहे खाली. हा स्विच राहू दे."

पण कार्बुरेटर जुळवायचा तर इंजिन चालू पाहिजे आणि तिचे हात खाली मोकळे पाहिजेत. मग आसाराम तळ्यात गेला आणि काखेत मारून एक दगड घेऊन आला. काळा, गोलसर, एका अंगाला चपटा. जुन्या वस्तीच्या ढिगातला. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर हा तलाव बांधला तेव्हा तळातली वस्ती उठवून वर आणली होती. तळं आटलं की तिच्या जोत्यांचे दगड उघडे पडत.

दगड सीटवर बसला तो मापानं केल्यासारखा. इंजिन चालत राहिलं. सत्यभामानं आवाज ऐकत स्क्रू फिरवला आणि गाडी शांत, एका लयीत गुरगुरू लागली. फक्त पट्टा चिरलेला होता. तो आणायला ती दुसऱ्या दिवशी पाटोद्याला गेली.

दुसरा दिवस खंडेनवमीचा होता.

ती परतली तेव्हा पूजा झाली होती. दुधाचा काटा, कडबाकुट्टी, फॅटचं मशीन, सगळ्यांना हळदी-कुंकू आणि झेंडूची माळ. गवतगाडीच्या बोनेटवर कुंकू. आणि सीटवरच्या दगडाला वरपासून खालपर्यंत ओला, दाट शेंदूर. पुढं नारळ फोडलेला.

"मावशी, हे काय केलं? तो दगड नुसता भार म्हणून ठेवला होता."

केशरबाई गोंधळल्या. "मला काय ठावं? गाडीवर बसिवलेला दिसला. मी म्हणलं, तूच बसिवला आसंल."

"बरं, काढते."

"आगं थांब!" त्यांनी तिचा हात धरला. "शेंदूर लागला आता. असा उचलून फेकायचा व्हय? उठवायचं आसंल तर आधी दुसरी जागा दाखवावी लागती. सांगावं लागतं, इथून उठा, तिथं चला. जागा न दाखिवता देव उठवत न्हाईत."

आसारामनं केव्हाच चपला काढल्या होत्या. दारात उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले होते. उद्या-परवा त्यांची माणसं कोयते घेऊन ट्रकमध्ये चढणार होती. सत्यभामाला वाद घालावासा वाटला नाही. गाडी सगळ्यात खालच्या गिअरला माणसाच्या चालीनं चाले. शेजारून चालत स्टिअरिंग धरलं तरी काम होण्यासारखं होतं. दगड राहिला.

*

गाव रिकामं झालं. गोठा भरला.

पहिल्या दिवशी आसाराम गाडीच्या बाजूनं चालला आणि सगळी हिरवी पट्टी कापून झाली. मागचं पोतं भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. बायकांनी गवत तोलून दावणीत टाकलं. सत्यभामानं मनाशी हिशेब केला. हरळी पुन्हा कापण्याजोगी व्हायला, ओल असती तर, पंधरवडा गेला असता. ओल नव्हती. तोवर सरकारी छावणीचं काही होतं का ते पाहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम ओट्याशी येऊन उभा राहिला.

"ताई, काल आपण कापलं ना?"

"म्हणजे?"

"न्हाई, मला वाटलं म्या सपनात कापलं."

ती तळ्यात उतरली. गवत काल सकाळी होतं तेवढंच होतं. बोटभर, दाट, आणि त्याला ओल्या कापलेल्या गवताचा वास येत होता. आजूबाजूचा गाळ वाळून त्याच्या भाकरीएवढ्या खपल्या झाल्या होत्या.

तिनं जे येत होतं ते केलं. एका कोपऱ्यात खुंट्या ठोकून दोन चौकोन आखले. एकावर गाडी नेली, दुसरा कात्रीनं तेवढाच कापला. सकाळी गाडीचा चौकोन भरून आलेला, कात्रीचा तसाच, टोकं पिवळी पडलेली. तिनं दोन्हीकडं खणून पाहिलं. माती सारखीच कोरडी होती. मुळंही सारखीच. तिनं प्रयोग पुन्हा केला, चौकोनांची अदलाबदल करून. उत्तर तेच आलं. उत्तर तेच आलं की माणसाला बरं वाटायला हवं. तिला वाटलं नाही.

दूध टिकलं. फॅटही टिकलं. दुधाला गाळातल्या पाण्याचा अगदी पुसट वास होता, तो तिच्याखेरीज कुणाला येत नव्हता.

"आईचं दूध पितानी वास घेतलावता का?" केशरबाई म्हणाल्या. "जनावरं जगलीत. गप ऱ्हा."

पण गाडीची निगा तीच ठेवत होती, आणि काही गोष्टी फक्त तिच्याच हाताला कळत होत्या. मागची चाकं बसकी वाटायची. ती पंपानं हवा भरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसकी. पंक्चर नव्हतं, पाण्यात धरून पाहिलं. सीटखालची स्प्रिंग पहिल्यापेक्षा जास्त दबलेली होती. आणि पेट्रोल वाढत चाललं होतं, जड काहीतरी ओढणाऱ्या गाडीसारखं. दगड तर तेवढाच होता. आसारामनं तो काखेत मारून आणला होता.

एके दिवशी दुपारी आसाराम तिला बोलवायला आला. तो चालत आला होता. खाली तळ्यात गाडीचा आवाज चालू होता.

"गाडी कुणाजवळ आहे?"

"कुनाजवळच न्हाई." तो ओट्यावर बसला. "मी कवाच हात सोडलाय, ताई. चार दिस झाले. ती वळती. मी नुसता संगं चालत व्हतो. आता तेबी न्हाई करायचं मला."

"कावून नाही सांगितलं?" घाईत तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"तुमी खुंट्या ठोकल्या असत्या."

ती आणि केशरबाई बंधाऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. वरून तळं सगळं दिसायचं. भर उन्हात लाल गाडी सावकाश चालली होती, सीटवर शेंदरी दगड. ती सरळ जात नव्हती. थोडं जाऊन काटकोनात वळे, पुन्हा सरळ, पुन्हा वळे. मधे मधे चौकोन सोडून देत होती. त्या चौकोनांत गवत उभं, कडेनं कापलेल्या अरुंद पट्ट्या. हिरवी पट्टी आता विहिरीपासून बरीच दूर पसरली होती, सत्यभामानं कधी मोजली होती त्याहून कितीतरी.

आधी दगडाला अडखळून स्टिअरिंग फिरत असेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, स्टिअरिंगचा दांडा सैल झाला असेल. मग तिला काहीच वाटेना.

केशरबाईंनी बोट पुढं केलं. बोलताना आवाज साधाच होता, शेजारच्या गल्लीतलं काही दाखवावं तसा.

"ही आमची गल्ली. त्यो सोडलेला चौकोन बायनाबाईचं घर. तिच्या म्होरं आड. हितून आत वळती, बघ." गाडी वळली. "तिथं आमचं दार व्हतं."

गाडी त्या चौकोनात शिरली, आतल्या आत थोडं फिरली आणि त्याच जागेतून बाहेर आली.

"मावशी, तुम्ही तेव्हा केवढ्या होता?"

"परकरात. घरं सोडली तवा देव उचलून वर आणले समद्यांनी." त्या थांबल्या. "ज्याला-त्याला वाटलं, वेशीवरचा दुसऱ्यानं घेतला."

तो दगड वेशीवरचा होता की नुसता जोत्याचा, हे ठरवायला तिच्याजवळ काही साधन नव्हतं.

"गाडी बंद करू का?" तिनं विचारलं.

केशरबाईंनी गोठ्याकडं पाहिलं. जनावरं रवंथ करत होती.

"दावणीत काय टाकशील?"

*

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी वळली नाही.

सत्यभामा बंधाऱ्यावर होती. गाडी गल्ल्या संपवून विहिरीशी आली, थबकली, आणि तळ्यातून वर येणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला लागली. वाटेवर गवताची काडी नव्हती. पातं फुफाट्यात फिरत होतं, खडे उडत होते. वर, वाटेच्या टोकाला, गोठा होता. दावणीला बांधलेली जनावरं आणि शेण काढणाऱ्या दोन म्हाताऱ्या.

"बाजूला व्हा!" ती ओरडली आणि धावली.

गाडी चढावर तिला गाठता आली. तिनं स्टिअरिंग धरलं. ते हललं नाही. तिनं किल्ली फिरवून काढून घेतली.

इंजिन चालूच राहिलं.

तार तुटली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण सीटचा स्विच आहे. भार काढला की थांबेल. म्हणूनच तर ठेवला होता. तिनं दोन्ही हातांनी दगडाला मिठी मारली, जड असेल म्हणून सगळा जोर लावला आणि जवळजवळ मागं कोलमडली. दगड हलका होता. एका काखेत मावेल एवढाच.

इंजिन थांबलं नाही.

सीट रिकामी होती. रेक्झिनवर शेंदराचा गोल डाग होता. आणि सीट तशीच दबलेली होती. मधोमध खोल, दोन्हीकडं रेक्झिनला ताणाच्या सुरकुत्या.

गोठा पंधरा-वीस पावलांवर आला. पहिली म्हैस उठून उभी राहिली. भ्यायलेली नव्हती. चारा टाकणाऱ्या माणसाकडं बघावं तशी सीटकडं बघत होती.

सत्यभामा गाडीच्या बाजूनं चालत होती, काखेत दगड धरून. काय करायचं ते तिला समजत नव्हतं. प्लगची टोपी ओढायची हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. तिच्या तोंडून निघालं ते वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं निघालं.

"उतरा आता."

आधी काही झालं नाही.

मग सीट सावकाश वर आली. सुरकुत्या सुटल्या. मागची चाकं एकदा हलकी झाली.

इंजिन बंद पडलं.

*

आसारामनं गाडी ढकलत शेडमध्ये नेली. सत्यभामानं दगड नेऊन तळ्यातल्या ढिगात ठेवला, चपटी बाजू खाली. हात धुतले, शेंदूर निघेना. परत येऊन तिनं मल्टिमीटर घेतला आणि स्विच तपासला. भार नसताना प्रवाह बंद, दाबला की चालू. स्विच चांगला होता. किल्लीची तार कुठंही तुटलेली नव्हती.

दोन दिवसांत तळ्यातली हरळी मुळापासून पिवळी झाली, गल्ल्यांची आधी, चौकोनांची नंतर. दावणी रिकाम्या झाल्या. कडबाकुट्टीत जुनं छपराचं पाचट घालून पाहिलं, जनावरांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी दुधाचा एकच कॅन भरला आणि आसाराम तो घेऊन गेला. केशरबाई तापानं घरी पडून होत्या. सत्यभामा भेटायला गेली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उतरा म्हणलीस," त्या म्हणाल्या. "आन् कुठं चला म्हणलीस?"

"काही नाही म्हटलं, मावशी."

त्यांनी डोळे मिटले.

चौथ्या दिवशी ती तहसीलला छावणीसाठी चकरा मारायला निघाली. दुपार टळली नव्हती. संस्थेपुढं कुणी नव्हतं. गोठ्यात जनावरं उभी होती, सगळ्यांच्या माना खाली. तिनं पदर खोचला, स्कूटी स्टँडवरून काढली, बसली, किल्ली लावली.

स्कूटी मागून जराशी दबली.

तिनं वळून पाहिलं नाही. पाय जमिनीवर टेकलेले होते, ते तसेच राहिले. हवेत ओल्या, ताज्या कापलेल्या गवताचा वास होता. गोठ्यातल्या पहिल्या म्हशीनं मान वर केली. मग दुसरीनं. एकेक करत सगळ्यांनी, आणि त्या तिच्या खांद्यामागं पाहू लागल्या.

पाटोद्याचा रस्ता समोर होता. डाव्या हाताला कापलेल्या ज्वारीची तिची स्वतःची पट्टी, ठणठणीत कोरडी, कडेला दोन बाभळी. तिथं जागा होती.

सत्यभामानं स्कूटीचं तोंड डावीकडं वळवलं.

"बसलात का नीट?" तिनं विचारलं.

स्कूटी आणखी थोडी दबली.